सर्व्हर रूममधलं बारसं

बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या पाठीला मात्र आजवर जे बुक्के बसले, ते बहुतेक सगळे आमच्या दूध डेअरीच्या सर्व्हर रूममध्ये. आणि ज्यांची मी आत्या झाले ती बाळं म्हणजे सॉफ्टवेअरं. ही सगळी सुदामआण्णांची कृपा.

सुदामआण्णा शिरूरच्या आमच्या मुख्य ऑफिसात नेटवर्क सांभाळतात. मी शेजारच्या लॅबमध्ये दूध तपासते. आण्णांचा पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर, कपाळाला अष्टगंध, आणि समोर कोणीही आलं की एकच सवाल: "नाव, गाव, काम?" कुरियरवाल्याला हाच, आणि एकदा चेअरमनसाहेबांच्या व्याह्यांनाही हाच. व्याही जरा चिडले, पण सांगून गेले. आण्णांना न सांगता आमच्या ऑफिसात मांजरसुद्धा शिरत नाही.

पूर्वी आमच्या प्रत्येक संकलन केंद्राला इंटरनेटची एकच लाइन होती. ती गेली की मोजणी थांबायची. मग नवी व्यवस्था आली. निमोणे म्हणा, शिक्रापूर म्हणा, दौंडकडची केंद्रं म्हणा, सगळीकडे दोन-दोन लाइनी, आणि कोणत्या कामाचा डेटा कोणत्या लाइनीने, कुणाच्या आधी सोडायचा हे शिरूरला बसून ठरवायचं. त्यासाठी केंद्राकेंद्रावर एक पेटी बसली, आणि त्या सगळ्यांची मुख्य पेटी आमच्या सर्व्हर रूममध्ये. पेटी मोठी हुशार. जगातली नावाजलेली सगळी अ‍ॅप्लिकेशन्स ती आपली आपण ओळखते. ओळखत नव्हती ती फक्त आमचं दूध मोजायचं सॉफ्टवेअर, कारण ते आम्ही आमच्यापुरतं इथेच करून घेतलेलं. मग पेटी त्याला 'अनोळखी' म्हणून सगळ्यांच्या मागे उभं करायची. निमोण्यात लोक किटल्या घेऊन रांगेत ताटकळत आणि पुढे कुणाची तरी क्रिकेटची मॅच धावतेय, असा प्रकार.

हे आण्णांच्या जिव्हारी लागलं. "आपल्याच घरात आपलं पोर अनोळखी?" असं ते दिवसभर पुटपुटत होते. मग त्यांनी पुस्तकं चाळली, कंपनीला फोन लावले आणि शोधून काढलं की पेटीला नवी ओळख आपल्याला शिकवता येते. याचं नाव अमुक, हे जातं अमुक सर्व्हरकडे, ठोठावतं अमुक दार, म्हणजे त्या सर्व्हरचा पोर्ट, आणि याला पहिल्या रांगेत घ्यायचं. आण्णांनी नाव ठेवलं 'दूधमाप'.

आता नाव ठेवलं म्हटल्यावर बारसं आलंच. दुसऱ्या दिवशी आण्णांनी डबाभर घुगऱ्या आणल्या. मंदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, पहाटे उठून हरभरे शिजवलेले. मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "ताई, आत्या तुम्ही. सांगा पेटीला." मी आपली पेटीशी वाकले, कुर्र केलं आणि सेव्हचं बटण दाबलं. पॅकिंगच्या बायका टपूनच बसल्या होत्या. पाठ दुखली, पण त्या संध्याकाळी निमोण्याची रांग दिवेलागणीच्या आत संपली, हेही सांगायला हवं.

मग 'टँकर' आला, 'गायडॉक्टर' आला. ज्या कंपनीने पेट्या दिल्या तिचे इंजिनिअर आले, तेव्हा ही नावं पाहून म्हणाले की आकड्यांत कोड ठेवा, सोपं पडतं. आण्णांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी पोरांना नंबर घातलेत का?" इंजिनिअर भला माणूस. हसला आणि जाताना घुगऱ्या बांधून घेऊन गेला.

आण्णा चुकत नाहीत असं मात्र नाही. 'दूधमाप'ची ओळख सांगताना त्यांनी सुरुवातीला फक्त सर्व्हर सांगितला, दार सांगायचं विसरले. पुढे कोणी तरी वर्धापनदिनाच्या भाषणांचे व्हिडिओ त्याच सर्व्हरवर चढवायला घेतले. पेटीने सगळी भाषणं दूध समजून पुढे घेतली, आणि खरं दूध भाषणांच्या मागे अडकून बसलं. आण्णांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "पाव्हणं कुणाकडं चाललंय एवढंच इचारलं," म्हणाले, "कशापायी चाललंय ते इचारलंच न्हाई." 'नाव, गाव'च्या पुढे 'काम' जोडलं गेलं ते त्या दिवसापासून.

आणि आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी सुरक्षेसाठी ठरवलं, की सोमवारपासून जे जे अनोळखी ते सगळं बंद. त्यात काही चूक नव्हती. पण आण्णांच्या पडद्यावर डेटाची एक बारीकशी अनोळखी धार दिसत होती. निमोणे केंद्रावरून, रोज संध्याकाळी, ऐन मोजणीच्या वेळी. थोडा वेळ वाहायची, अडखळायची, थांबायची. आण्णांचं जेवणावरून लक्ष उडालं. "दारात आलेल्याला नाव न इचारता हाकलायचं म्हंजी काय?" म्हणाले आणि शनिवारी मला मोटरसायकलवर मागे बसवून निमोण्याला निघाले. केंद्र बायांचं आहे, बाई बरोबर असलेली बरी, हे कारण.

निमोण्याला मोजणीवर संगीता असते. आण्णांना बघून तिचा चेहरा पडला, कारण सोमवारची बातमी तिथवर पोचली होती. मग तिने सगळं सांगून टाकलं. तिच्या मुलीला ऐकू येत नाही. ती लांबच्या एका निवासी शाळेत आहे, आणि आईबापांशी बोलायला शाळेने आपलं स्वतःचं एक अ‍ॅप केलंय. वेळ शाळेने ठरवलेली, संध्याकाळचीच. संगीताच्या मोबाइलला त्या पत्र्याखाली रेंज नाही, म्हणून ती केंद्राचं वायफाय लावायची आणि एका बाजूला फोन उभा करून ठेवायची.

तेवढ्यात वेळ झालीच. पडद्यावर दोन वेण्यांची पोरगी आली, हातांनी भराभर बोलायला लागली, आणि चित्र गोठलं. हात हवेत तसेच. सुटलं तेव्हा पोरगी पुढच्याच वाक्यावर होती. संगीता आमच्याकडे वळली. "आवाज तुटला तर माणूस अंदाजानं समजतं," ती म्हणाली. "हात तुटलं की आख्खा शब्दच जातो, आण्णा. ती रडली का हासली, तेबी कळत न्हाई."

आण्णांनी शाळेचं आणि अ‍ॅपचं नाव तिच्याकडून लिहून घेतलं.

सोमवारी ते ऑफिसचं दार उघडायच्या आत साहेबांसमोर उभे. चोरूनमारून काही करायचं नाही, हा त्यांचा बाणा. साहेबांनी रीतसर विचारलं, याचा डेअरीशी संबंध काय? आण्णा म्हणाले, "साहेब, निमोण्याचं दूध ती बाई मोजती. तिचा जीव तिकडं टांगलेला आसंल, तर मापावर ध्यान कुणाचं ऱ्हाईल?" साहेबांनी थोडा विचार केला आणि ओळख नीट बांधून द्या म्हणाले. आण्णांनी बांधलीही कशी, शाळेचाच सर्व्हर, तेच दार, निमोण्याच्याच केंद्रावरून, आणि रांगेत दूधमापाच्या लगेच मागे. मला तर फार अभिमान वाटला. शिरूरपासून दौंडपर्यंत नेटवर्कवाले पुष्कळ असतील, पण असा माणूस आमच्याकडेच आहे.

फक्त नाव मला कोड्यात टाकून गेलं. संगीताची मुलगी श्रेया. आण्णांची नावं नेहमी कामावरून. इथे मात्र त्यांनी लिहिलं होतं 'जाई'.

त्या संध्याकाळी घुगऱ्यांचा डबा घेऊन मंदावहिनी पहिल्यांदाच स्वतः ऑफिसात आल्या. मी सहज म्हटलं, "या वहिनी, आज आमच्या जाईचं बारसं." त्या दारातच थांबल्या. आण्णा पडद्याकडे बघत राहिले.

"आमच्या पोरीसाठी काढून ठिवलं हुतं ते नाव," वहिनी म्हणाल्या. "बारसं करायला बारा दिवस न्हाई ऱ्हायली ती. नाव ठिवायचं ऱ्हाऊनच गेलं." डबा माझ्या हातात देऊन त्या आण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

मी डबा टेबलावर ठेवला. आत्याला आपलं काम चुकत नाही. मी पेटीशी वाकले, जाई म्हणाले, बटण दाबलं. त्या दिवशी बायकांनी बुक्के अगदी हळू घातले.

थोड्या वेळाने निमोण्याची वेळ झाली. पडद्यावर ती बारीक धार आली, नावानिशी, आणि न अडखळता वाहायला लागली. त्या धारेत चित्र दिसत नाही, आवाज येत नाही. नुसती रेघ असते.

वहिनींनी पुढे वाकून विचारलं, "काय करती वो?"

आण्णांनी चष्मा काढून पुसला. "बोलती," म्हणाले.