खारवठारात विमान आलं नाही

जुहूच्या फ्लाइंग क्लबात सकाळचा चहा आला की पहिला विषय रघू सुर्व्याचा निघायचा. विमानानं जिथं जायचं नाही, अशा जागा नकाशावर लाल रेघांनी आखलेल्या असत. बाकीचे वैमानिक त्या रेघा टाळून जातात आणि रघू त्या रेघा तपासून येतो, असं कैखुश्रू मिस्त्रीचं म्हणणं होतं.

ते अगदीच खोटं नव्हतं. रघू एकदा मलबार हिलवर लाटसाहेबांच्या बागेवरून गेला, तेव्हा खाली मेजवानी चालली होती आणि एका मडमेची टोपी कारंज्यात पडली. दुसऱ्यांदा तो एका छोट्या संस्थानाच्या जनानखान्यावरून इतक्या खालून गेला की गच्चीवर वाळत घातलेले पापड वाड्याबाहेर जाऊन पडले. संस्थानाच्या दिवाणांनी तक्रारीत पापडांचा उल्लेख टाळला होता. राणीसाहेबांच्या पडद्याचा मात्र तीनदा केला होता.

"रघूला नकाशा देऊच नका," कैखुश्रू म्हणाला. "लाल रेघ दिसली की तेचा हात आपोआप तिकडे वळते. नकाशा नसला तर साला चुकून बरोबर जाईल."

सगळे हसले. रघूही हसला, पण हल्ली त्याचं हसू अर्ध्यावरच थांबायचं. तिसरी तक्रार आली की लायसन काढून घेऊ, असं सेक्रेटरीसाहेबांनी त्याला खोलीत बोलावून सांगितलं होतं. लायसन गेलं असतं तर रघूला वडिलांच्या चुन्याच्या वखारीत बसावं लागलं असतं. वडील गेली दोन वर्षं तिथली गादी झटकून त्याची वाट पाहत होते.

म्हणून रत्नागिरीला जायची कामगिरी आली तेव्हा रघूनं फार जपून बेत केला. तिथल्या काही हौशी मंडळींना आपलं गाव वरून बघायचं होतं, आणि क्लबनं रघू आणि कैखुश्रूला दोन जणांचं मॉथ विमान देऊन पाठवलं. कुणाच्या गच्चीचा संबंधच नको म्हणून रघूनं सबंध वाटभर विमान समुद्रावरून नेलं. रत्नागिरीचा दीपस्तंभ दिसला तेव्हा वेळही शिल्लक होता आणि पेट्रोलही.

"जरा पुढं पूर्णगडाकडं जाऊन येऊ," रघू बोलायच्या नळीतून म्हणाला. "खारवठारला माझी आत्या असते. घरावरून एक घिरटी मारतो, हात करतो, की परत."

"तिकडे लाल रेघ नाय ना?"

"आत्याच्या घरावर कसली आलीय लाल रेघ?"

आत्या म्हणजे यमुनाबाई. आपला भाचा विमान चालवतो हे तिनं खारवठारात विहिरीवर, भात झोडताना आणि देवळाच्या पायरीवर इतक्यांदा सांगितलं होतं की ऐकणारे आता मान डोलवायचेही थांबले होते. शेजारची हौसा तर तोंडावर म्हणायची, "मुंबयला जातो तो गिरणीत जातो गो. उडतात ते कावळे." यमुनाबाईच्या मनाला हे फार लागलं होतं, आणि रघूला ते ठाऊक होतं.

रघूनं घराचं कौलारू छप्पर ओळखलं आणि पहिली घिरटी मारली. कुणी बाहेर आलं नाही. आत्याला जरा कमी ऐकू येतं म्हणून त्यानं दुसरी घिरटी खालून मारली. शेजारच्या घरातूनही कुणी डोकावलं नाही. तिसऱ्या घिरटीला माडाच्या झावळ्या हलल्या, पण सबंध गावात माणूस सोडा, कोंबडीसुद्धा पळाली नाही.  गावावर काहीतरी बेतलंय असं वाटून रघूनं गावाच्या डोक्यावरच्या सपाट कातळसड्यावर विमान उतरवलं.

दोघं पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून गावात आले. दारं ओढून घेतलेली, गोठे रिकामे, चुली गार. एका अंगणात नुसतं सूप पडलेलं होतं.

"प्लेग," कैखुश्रू म्हणाला आणि त्यानं रुमाल नाकाला लावला. "रघू, आपण काय बी शिवायचा नाय."

"अंगणं सारवलेली आहेत. प्लेगात कोण सारवतं?"

"म्हणजे चोख लोकांचा प्लेग."

तेवढ्यात गावाच्या खालच्या अंगानं गलका ऐकू आला. दोघं धावत शिवेवरच्या पऱ्याशी पोचले. पऱ्या म्हणजे ढांगेत ओलांडावा एवढा ओढा. पलीकडच्या काठावर, वरून झाडीआड गेलेलं, सगळं गाव उभं होतं. मागे झावळ्यांच्या खोपी होत्या, गुरं बांधलेली होती, कोंबड्या झाकलेल्या होत्या, तीन दगडांवर भात शिजत होता. सगळे हातवारे करत होते, पण पाण्यात पाय एकही जण घालत नव्हता.

रघूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही गावपळण होती. लहानपणी वडिलांनी सांगितलेलं त्याला आता आठवलं. देवानं कौल दिला की सगळं गाव गुराढोरांसकट शिवेबाहेर जातं. तीन रात्री गाव एकट्या देवाचं. या काळात माणसानं आत पाऊल टाकलं तर गावपळण मोडली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

"माझा रघू तो," यमुनाबाईचं एव्हाना दहा जणांना सांगून झालं होतं. "बघितलास गो हौसा? उडत आला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सबंध जन्मात तिला इतका आनंद झाला नव्हता. हौसा तोंड उघडं टाकून सड्याकडे बघत होती.

आनंदात नसलेलं माणूस म्हणजे आप्पा गुरव. गावपळणीचा कौल त्यानंच लावला होता.

"नुसतां वरनं गेलां असतां, तर कायतरी बघता आलां असतां," आप्पा म्हणाला. "कावळा जातो, घार जाते. आभाळाला शीव नाय."

"कावळ्यात मानूस बसलेला नसतो," खंडू पाटील म्हणाला. तो गावचा पोलीस पाटील होता आणि मुद्द्याला धरून बोलायचा. "आनि हां तर खाली टेकलां पन."

"आते, मला ठाऊक नव्हतं," रघू अलीकडून म्हणाला. "आम्ही येतो बाहेर."

"थांबा तिथंच," आप्पानं हात वर केला. "भायेर आलात म्हंजे आत होतात, असां होईल."

कैखुश्रूनं उचललेला पाय तसाच खाली ठेवला. "रघू," तो हळूच म्हणाला, "लाटसाहेबाने पण एवढा विचार केला नव्हता."

पलीकडे चर्चा वाढली. आज तिसरा दिवस होता. शिधा संपत आला होता, आदल्या रात्री कोल्ह्यानं हौसाच्या दोन कोंबड्या नेल्या होत्या, थंडीनं म्हातारी माणसं खोकत होती. उद्या सकाळी घरी जायचं या आशेवर सगळे होते. पुन्हा पहिल्यापासून तीन रात्री, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. आणि खंडू पाटलाची अडचण वेगळीच होती.

"विमान उतरलां की पूर्णगडच्या चौकीवर वर्दी द्यायची, असा हुकूम हाय," तो म्हणाला. "मला दिल्याबिगर गत्यंतर नाय."

"पाटील, वर्दी नका देऊ," रघू म्हणाला. "माझ्यावर आधीच दोन तक्रारी आहेत. तिसरी झाली की लायसन गेलं. मग मला विमानाला हात लावायला मिळणार नाही." बोलत होता पाटलाशी, पण बघत होता आत्याकडे.

यमुनाबाईनं सड्याकडे पाहिलं. करवंदीच्या जाळ्यांवर विमानाचा पांढरा पंख उन्हात चमकत होता. मग तिनं हौसाकडे पाहिलं. हौसा अजूनही तोंड उघडं टाकून त्या पंखाकडेच बघत होती. यमुनाबाईनं मोठा सुस्कारा सोडला, पदर खोचला आणि विचारलं, "कसलां विमान?"

कुणालाच काही कळलं नाही.

"गावपळनीत गावात कोन नसतां," यमुनाबाई म्हणाली. "मग विमान कसां असेल? मी तर काय बघितलां नाय. तुमी बघितलांत, आप्पा?"

आप्पा गुरवानं थोडा वेळ डोळे मिटले. उघडले तेव्हा ते समुद्राकडे वळलेले होते. "मी भाताकडं बघत होतो," तो म्हणाला.

एकेक करून सगळं गाव भाताकडे बघू लागलं. तेवढ्यात पूर्णगडच्या वाटेनं हवालदार घामाघूम होऊन आला. त्यानं विमान उतरताना लांबून पाहिलं होतं. रघू आणि कैखुश्रू पटकन आपल्याच काठावरच्या एका गवताच्या उडवीमागे दडले.

"पाटील, विमान कुठं उतरलां?"

"विमान?" खंडू पाटील म्हणाला.

"तां काय पांढरां दिसतां?"

"गावात?"

"होय, गावात."

"गावात आज काय नसतां, हवालदार. गावपळन हाय."

हवालदार पऱ्याच्या काठापर्यंत गेला आणि थबकला. तोही पलीकडच्या खाडीवरच्या अशाच एका गावचा होता. आत जाऊन खात्री करावी, तर पुढच्या तीन रात्री या गावाबरोबर आपल्यालाही बाहेर काढाव्या लागतील, आणि घरी कळलं तर आई उंबऱ्यात उभं करणार नाही, हे त्याला न सांगता समजलं. पण नोकरी नोकरीच होती. तो मागे वळला.

"यमुनाबाय, तुमचा भाचा विमान चालवतो म्हनं. साऱ्या पूर्णगडात ऐकलांय मी."

सगळं गाव यमुनाबाईकडे बघू लागलं. ज्या प्रश्नाची ती दोन वर्षं वाट पाहत होती, तो आज सरकारी माणसानं, सर्वांसमक्ष विचारला होता. तिचे ओठ हलले. मग तिनं मान खाली घातली.

"बोलायचां म्हनून बोलत होते," ती म्हणाली. "तो गिरणीत जातो."

हौसानं चमकून तिच्याकडे पाहिलं.

हवालदार तिथंच घोंगडीवर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. उडवीमागून हे काही दिसत नव्हतं. आवाज थांबला म्हणजे हवालदार गेला, असं कैखुश्रूला वाटलं. दोघं आडवाटेनं सड्यावर गेले, कैखुश्रूनं पंखा फिरवला आणि इंजिनाचा घरघराट सबंध खाडीवर पसरला. कोंबड्या फडफडल्या, एक रेडा दावं तोडून पळाला.

"ह्यो आवाज कसला?" हवालदार म्हणाला.

"समुद्राचा," खंडू पाटील म्हणाला. "आज आवस. भरती मोठी."

सगळं गाव सड्याकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून बसलं. हवालदारानं एकदा गावाकडे पाहिलं, एकदा आपल्या तांब्याकडे पाहिलं, आणि तोही समुद्राकडे वळला. विमान सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं. त्याची सावली खोपींवरून, भातावरून, हवालदाराच्या पगडीवरून सरकत पाण्यात गेली. मान कुणीही वर केली नाही. यमुनाबाईनं फक्त पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पानं कौल लावला. देवानं उजवा, होकाराचा कौल दिला, म्हणजे त्यानंही काही पाहिलं नव्हतं. गाव घरी परतलं.

जुहूला कैखुश्रूनं ही हकीकत चहावर चार वेळा रंगवून सांगितली. तक्रार आली नाही त्या अर्थी रघू तिथं गेलाच नव्हता, असं सगळ्यांचं मत पडलं. रघूनं लाल पेन्सिल घेतली आणि नकाशावर खारवठारभोवती एक गोल काढला.

खारवठारात त्या दिवसाबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. यमुनाबाईही विहिरीवर गप्पच असायची. एकदा संध्याकाळी ती खाली मान घालून कळशी घासत होती. हौसा आली, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिनं यमुनाबाईची कळशी आधी भरून दिली, आणि हळू आवाजात म्हणाली, "यमने, तुझा भाचा गिरणी बरी उडवतो गो."