राठोड सर आणि नखाएवढा पडदा

राठोड सर शाळेत हेल्मेट घालून यायचे, आणि त्यांच्याकडे गाडी नव्हती.

कळमनुरीत त्या काळी गाडी असलेलेही हेल्मेट घालत नसत. सर मात्र बसस्टँडमागच्या घरापासून शाळेपर्यंत पायी यायचे ते डोक्यावर काळं हेल्मेट घालून. त्याच्या काचेच्या जागी पुठ्ठा, पुठ्ठ्यात बसवलेली एक नळी आणि नळीला लावलेला उजवा डोळा. डावा डोळा रस्त्यासाठी मोकळा ठेवलेला असे, तरी व्हरांड्यातल्या खांबाला ते हमखास धडकत. धडकले की कपाळ चोळायच्या ऐवजी हेल्मेट चोळत आणि म्हणत, "चित्र बराबर होतं. अंतर चुकलं."

आम्ही एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवत, मी मराठी. सर डोंगरकड्याकडच्या एका तांड्यावरचे. तांड्यावरून शिकून मास्तर झालेले ते पहिलेच. पणजोबांनी बैलांवर मीठ वाहिलं, आपण उजेड वाहतो, असं ते पोरांना सांगत. पोरं हसत. सरही हसत.

त्या नळीची हकिगत अशी. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकाचा बंद पडलेला कॅमेरा सरांनी मागून आणला होता. कॅमेऱ्यात डोळा लावून बघायच्या जागी अंगठ्याएवढा टीव्ही असतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तो टीव्ही त्यांनी हेल्मेटमध्ये बसवला, टाळूवर एक छोटा कॅमेरा चिकटवला आणि खांद्यावरच्या शबनम पिशवीत बॅटरी ठेवली. म्हणजे समोरचा रस्ता आधी कॅमेरा बघणार, मग टीव्ही दाखवणार, मग सर बघणार. आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, की जो रस्ता फुकट दिसतो तो एवढ्या खटाटोपाने कशाला बघायचा? सर म्हणाले, "ज्याला दिसतो त्याला न्हाई कळायचं, सर." मुख्याध्यापकांनी प्रार्थनेला तरी हेल्मेट काढा, एवढं सांगून विषय संपवला.

एकदा वाशीमच्या विज्ञान प्रदर्शनाला आम्ही सगळे निघालो होतो. बस कनेरगाव नाक्याला थांबली आणि सर हेल्मेटसकट चहाला उतरले. ढाबेवाल्याने गाडी कुठे लावली म्हणून विचारलं. गाडी नाही, आत टीव्ही आहे, असं सरांनी सांगितल्यावर त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी अदबीने मॅचचा स्कोअर विचारला.

सरांचं स्वतःचं समाधान मात्र होत नव्हतं. ती काचेची नळी तापायची, कान लाल व्हायचा, चित्र काळं-पांढरं. मग त्यांनी कुठून तरी पातळ रंगीत पडदा मिळवला. तोही नापसंत. मधल्या सुट्टीत माझ्यासमोर पडदा धरून ते समजावत, की ह्याला स्वतःचा उजेड नाही, मागे दिवा लावावा लागतो. काळं दाखवायचं म्हटलं तरी मागचा दिवा चालूच, म्हणून काळं राखाडी दिसतं आणि चेहरा पुसट होतो. "उसना उजेड हाय, बाई. उसन्यानं काम व्हत न्हाई." हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं, की पुढे कुणाचं भाषण पाठ केलेलं वाटलं तरी सर पुटपुटत, उसना उजेड.

मग एके दिवशी हैदराबादहून आलेल्या एका मासिकात त्यांना हवं ते सापडलं. कार्बनच्या पदार्थांचे अगदी पातळ थर, वीज दिली की आपणहून उजळणारे. मागे दिवा नको. पडदा नखाएवढा, पण ठिपके घरच्या टीव्हीपेक्षा जास्त. डोक्याला घालायच्या चष्म्यांसाठीच परदेशात बनवताहेत. सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की आता सेंद्रिय टीव्ही येणार. शेती शिकवणारे कदम सर डबा खात होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे शेणखताचा?"

राठोड सरांनी त्यांना तासभर समजावलं. कदम सरांचा समज कायम राहिला.

हे सगळं कशासाठी, ते मला संक्रांतीला कळलं. तिळगूळ घेऊन मी त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीने, राधाबाईंनी, दार उघडलं. बोलत माझ्याशी होत्या, पण मान वळवून बघत होत्या माझ्या खांद्यापलीकडे. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

त्या चहा करायला आत गेल्यावर सरांनी सांगितलं. राधाबाईंच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वाळत चालला होता. नांदेडला दाखवलं, पार हैदराबादला दाखवलं. ऑपरेशन नाही, औषध नाही. समोर बघितलं की मधोमध डाग, कडेनं तेवढं दिसायचं. कुणाचा चेहरा बघायला गेलं की नेमका चेहराच नाहीसा व्हायचा. कडेचा डोळा अजून जिवंत होता. चित्र मोठं करून, लख्ख करून डोळ्याच्या अगदी जवळ धरलं तर कडेनं का होईना चेहरा दिसेल, असं सरांचं गणित होतं. "पोरीच्या लग्नात तिला पोरीचं तोंड दिसलं न्हाई," ते म्हणाले. मग आतून कपबशांचा आवाज आला आणि त्यांनी विषय बदलला.

पुढे दोनेक वर्षांनी सरांचा एक जुना विद्यार्थी, आता हैदराबादला इंजिनिअर झालेला, भेटायला आला. त्याच्या कंपनीत असे चष्मे तपासायला येत. त्यातला एक टाकून दिलेला त्याने विचारून आणला होता. डावीकडचा पडदा मेलेला, उजवा ठणठणीत. सरांनी तो चष्मा दोन्ही हातांत घेतला.

रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. लाइट गेलेली होती, म्हणून मोटारसायकलची बॅटरी आणली होती. अंगणात बाजेवर राधाबाई बसल्या. समोर स्टुलावर कुणाचा तरी मागून आणलेला नवा कॅमेरा. सरांनी चष्मा त्यांच्या डोळ्यांना लावला, डोक्यामागे पट्टा आवळला, तारा जोडल्या आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. फोटोला राहतात तसे, हात बाजूला सोडून. मी राधाबाईंच्या मागे उभी होते.

"दिसून राहिलं का काही?"

राधाबाईंनी चष्मा बोटांनी चाचपला. मग हळूच म्हणाल्या, "केस लई पिकले तुमचे. लई म्हातारे दिसून राहिले तुमी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर पुढे आले, कॅमेऱ्यापाशी वाकले, त्याच्या तोंडाशी काहीतरी केलं आणि पुन्हा जागेवर जाऊन उभे राहिले.

"आन् आता?"

"आता बी तसेच की."

सर मागच्या अंगणात गेले. पाण्याच्या टाकीपाशी बराच वेळ तोंड धूत राहिले. मला वाटलं, आनंद माणसाला असाच पेलवत नाही. सोमवारी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले.

त्यानंतर रोज संध्याकाळी राधाबाई चष्मा लावून अंगणात बसू लागल्या. गल्लीतल्या बायका मुद्दाम त्यांना दिसायला जात. त्या प्रत्येकीला म्हणत, बारीक झालीस गं. एकीलाही ते खोटं वाटलं नाही. पुढे पडद्यातला निळा रंग आधी विझू लागला. सर स्वतः डोळा लावून तपासत आणि सांगत, की ही वस्तू आपल्यासारखीच, वापरली की झिजते. सगळी माणसं हळद लागल्यासारखी पिवळी दिसताहेत. राधाबाई म्हणत, दिसू द्या, हळदीचा रंग चांगला.

दीडेक वर्षाने साध्या तापाचं निमित्त झालं आणि राधाबाई गेल्या.

दहावं-तेरावं आटोपल्यावर मी सरांकडे गेले. ते बाजेवर एकटेच बसले होते. धीर देण्यासाठी मी म्हटलं, सर, एवढं तरी झालं, जाण्याआधी त्यांनी तुमचा चेहरा डोळे भरून पाहिला.

सरांनी मान हलवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी कॅमेऱ्याचं झाकण काढायचंच राहिलं होतं, बाई."

मला लगेच उमगलं नाही. त्यांनीच सांगितलं. चष्म्यात नुसता काळोख होता, तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या केस पिकले म्हणून. मग झाकण काढलं, तरी त्या म्हणाल्या तसेच. त्यांना फरकच कळला नव्हता. कडेचा डोळाही कधीच गेला होता आणि त्यांनी ते घरात कुणाला जाणवू दिलं नव्हतं. सर इतकी वर्षं झटत होते, त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून.

"तुम्ही बोलला नाहीत कधी?"

"न्हाई."

"मग रोज त्यांना चष्मा का लावत होतात?"

सरांनी बाजेची सैल दोरी ओढून घट्ट केली.

"पट्टा बांधताना हनुवटी धराया लागायची तिची," ते म्हणाले. "आमच्या वयात कोण धरतं हो, एरवी?"