शेवटच्या झाडाचे पाणी

कन्यादानाच्या वेळी पित्याने तीन पिढ्यांची नावे स्वमुखाने उच्चारावीत, हा गृहस्थधर्म होय. परंतु मुखाला नाव पुरवण्याचे काम मेंदूचे, आणि मेंदू बिचारा झाडासारखा परावलंबी. त्याला जे पोचेल त्यावर त्याने जगायचे.

सन १९५८च्या फाल्गुनात, धाकट्या लेकीच्या, शकुनच्या, लग्नाला दहा दिवस उरले असता, वरूडच्या पंजाबरावांना स्वतःच्या आजोबांचे नाव आठवेना. अमरावतीच्या डॉक्टर चिंतामणांनी रक्तदाब मोजला आणि सांगितले, "मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात. रक्त पुरेसं पोचत नाही, म्हणून विसर पडतो. तंबाखू सोडा, मीठ कमी करा, रोज चाला. गेलेलं परत येईलच असं नाही. राहिलेलं सांभाळता येईल."

तीनशे संत्र्यांच्या झाडांना पाणी देत आयुष्य गेलेल्या पंजाबरावांना यात कठीण काही वाटले नाही. दांडाच्या, म्हणजे बागेतल्या पाटाच्या, शेवटच्या झाडाला पाणी पोचत नसेल, तर उतार दुरुस्त करावा! घरी येताच त्यांनी खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा लावल्या.

"अजी, हे काय करून राहिले?" गोदाबाईंनी विचारले.

"उतार काढून राहिलो. पाय वर, डोकं खाली. रक्त जाईन कुठं?"

"डॉक्टरनं तंबाखू सोडाले सांगतलं ना?"

"त्याले दवाई समजते, मले पानी समजते."

"मंग आजाचं नाव सांगा."

पंजाबरावांनी आणखी दोन-दोन विटा लावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याहून व्याही देवीदासजी आले. पाय उंच, डोळे मिटलेले, देह निश्चल, हे पाहून त्यांनी टोपी काढली. आता सुतक, लग्न लांबले!

"कवा गेले?" त्यांनी हलकेच विचारले.

"कोन गेलं?" म्हणत पंजाबराव दचकून उठू लागले, विटा सरकल्या, आणि ते डोक्याकडून थेट व्याह्यांच्या पायांशी आले.

"इवाईबुवा, पाया पडाची एवढी घाई कावून?"

सारे ऐकून देवीदासजी पोट धरून हसले. "आमच्या घरी सात पिढ्या तोंडपाठ हायेत, विटेबिगर!"

कपाळी टेंगूळ आले. गोदाबाईंनी विटा परसात टाकल्या, त्यांच्यामागोमाग तंबाखूची चंची. रोज सकाळी त्या पतीला बागेतून चालवू लागल्या. नाव मात्र आले नाही.

लग्नाच्या दिवशी गोदाबाई झारीने पतीच्या हातावर पाण्याची धार सोडीत होत्या.

"वधूचे पणजोबा?" भटजींनी विचारले.

पंजाबरावांचे ओठ हलले, शब्द नव्हता. झारी किंचित कलली, आणि धारेच्या आडून कुजबूज आली, "जयवंतराव."

"जयवंतराव!" पंजाबराव गरजले, जणू ते नाव कधी हरवलेच नव्हते.

भटजी व्याह्यांकडे वळले. "वराचे पणजोबा?"

देवीदासजींनी मांडवाचे छत न्याहाळले, मग टोपी काढून न्याहाळली. शेवटी ते हळूच वाकले. "इनबाई, आमचंबी सांगता काय?"

"नत्थुजी," गोदाबाई म्हणाल्या. "सोयरीक जुळली तवाच पाठ केलं मी."

शकुन नांदायला अकोल्यास गेली. ज्याच्या त्याच्या शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचो. आणि जेथे न पोचेल, तेथे झारी धरणारा हात जवळ असो.