तेल मोजणारे करडे काका

करडे काका पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत राहायला आले त्याच आठवड्यात वॉचमनने तक्रार केली, की पार्किंगमध्ये कोणीतरी रोज संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्यांखाली पुठ्ठे सरकवून जातंय. चोराची खूण असेल इथपासून करणी असेल इथपर्यंत सगळ्या शक्यता तपासून झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी शाळेत शिकवायला जाण्यासाठी खाली उतरले, तर पायजम्यावर इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ गुडघ्यांवर बसून माझ्या गाडीखालचा पुठ्ठा ओढत होते. त्यांनी तो उजेडाकडे धरला, उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोरा. तुमची गळत नाही. म्हणजे पितेय."

"कोण पितंय?" मी विचारलं. सकाळी साडेसहाला माणसाला एवढंच सुचतं.

"गाडी. इंजिनचं तेल. रविवारी तुम्ही बॉनेट उघडून ओतत होतात. गॅलरीतून पाहिलं मी. किती ओतलंत?"

"असेल अंदाजे पाव लिटर."

काकांनी डोळे मिटले. कोणी देवाच्या दारात चप्पल घालून आल्यावर पुजाऱ्याचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. "अहो मॅडम, 'अंदाजे' हा शब्द माझ्यासमोर काढत जाऊ नका."

इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. हजारो वस्तू हातात घेऊन "नापास" म्हणणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. निवृत्तीनंतर तो थांबवायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या फुलांनी सजवलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोट घातलं आणि ते वरपित्याला दाखवून म्हणाले, "कोरडं काळं असतं तर हरकत नव्हती. हे ओलं आहे. अशानं फार दिवस काढणार नाही हा." वरपित्याचा आधी गैरसमज झाला, मग भांडण झालं, आणि करडे काकू अक्षता पडायच्या आधी त्यांना घरी घेऊन आल्या. काकू शांत बाई. "तीस वर्षं माझ्या पोळ्यांचा व्यास ऐकतेय," एवढंच म्हणतात.

माझी गाडी बारा वर्षांची. चाळिशीत भीत भीत जी गाडी शिकले, ती हीच. हडपसरच्या मेकॅनिकने "इंजिन उघडावं लागेल" असं सांगितल्यावर मी ती विकायचं ठरवलं होतं. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"इंजिन उघडायला तो काय खाऊचा डबा आहे?" ते म्हणाले. "तेल जातं म्हणजे कुठेतरी जातंच. आधी कुठे जातं ते बघू. मग विका, नाहीतर विसर्जन करा."

महिनाभर मोजणी चालली. गाडी रोज एकाच जागी, सपाट फरशीवर उभी करायची. चाकांसाठी त्यांनी खडूने खुणा केल्या होत्या. सकाळी थंड इंजिनातून तेल मोजायची पट्टी काढायची, पांढऱ्या फडक्याने पुसायची, परत घालून काढायची, आणि त्यांनी वहीत लिहायचं. महिन्याअखेर निकाल लागला: पट्टीवरच्या दोन खुणांमधलं निम्म्याहून जास्त तेल गायब. थेंब बाहेर सांडलेला नाही, निळा धूर दिसलेला नाही. मग काकांनी हवा आत नेणारी रबरी नळी सोडवली, आत बोट फिरवलं आणि ते तुपात बुडवल्यासारखं चकचकीत बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"श्वासातून जातंय!" त्यांना इतकं आनंदी मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला कळेल अशा भाषेत त्यांनी समजावलं. इंजिनाच्या पोटात वाफ साठते. ती बाहेर सोडायची नाही, म्हणून एका नळीने परत इंजिनालाच श्वासात देतात. वाफेबरोबर तेलाचे बारीक तुषार जातात आणि जळतात. "तुम्ही अळूवड्या उकडता तेव्हा झाकणाला आतून पाणी धरतं ना? तसंच. वाटेत एक डबा बसवायचा, आत जाळी. वाफ जाळीवर आपटते, तेल खाली बसतं, वाफ पुढे जाते. डबा अधूनमधून रिकामा करायचा."

"असा डबा मिळतो बाजारात?"

"मिळतो," काका जरा थांबून म्हणाले. "पण भिकार. आपण तांब्याचा करून घेऊ. कसबा पेठेत एक जण आहेत. तुम्ही जाल का?"

त्यांनी मोठ्या कागदावर डब्याचं समोरून, बाजूने आणि वरून असं चित्र काढून दिलं. कडेला आकड्यांची रांग. पत्ता सांगताना मात्र भिंतीकडे बघत होते. "दिनकर करडे. माझे थोरले भाऊ. माझं नाव सांगायची गरज नाही."

काकूंनी जिन्यात गाठून उरलेलं सांगितलं. करडे म्हणजे पिढीजात तांबट. धाकट्याने घण सोडून कारखाना धरला, इथपर्यंत ठीक होतं. पण वडिलांच्या तेराव्याला, सगळ्या भाऊबंदांसमोर, तो थोरल्याला म्हणाला, "हाताने ठोकायचे दिवस संपले, दादा. तुझ्या एका हंड्याचा गोल दुसऱ्याशी जुळत नाही." दादा ताटावरून उठले. त्याला अकरा वर्षं झाली होती.

गाडी नदीकाठी लावून मी चालत गेले. गल्लीतल्या ठोक्यांच्या आवाजावरूनच दुकान सापडलं. दिनकरदादा म्हणजे करडे काकाच, फक्त इस्त्री न केलेले. त्यांनी चित्र हातात घेतलं आणि नाव सांगायची खरंच गरज पडली नाही.

"इन्स्पेक्टर साहेबांना सांगा, तांब्याला मिलिमीटर कळत नाही. हात कळतो." त्यांनी कागदावर चहाची बशी ठेवली. मग ती उचलून पुन्हा कागद पाहिला. "आकडे एवढे मोठे काढलेत. नंबर वाढला वाटतं चष्म्याचा."

मी हा संवाद मांजरीला पोचवला. काकांनी मिलिमीटरचा अपमान ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि विचारलं, "ठोकताना कुठला हात वापरत होते?"

"उजवा. का?"

"काही नाही. मागे खांदा धरला होता म्हणे."

पुढचे पंधरा दिवस मी असे निरोप वाहिले. डब्याचं झाकण किती खोल, यावर तीन फेऱ्या झाल्या. माझ्या शाळेतल्या मुलांनीही एकमेकांशी कट्टी असताना मला इतकं दमवलेलं नाही. शेवटी डबा तयार झाला. अंगभर ठोक्यांच्या चांदण्या, आतून कल्हई, पोटात तांब्याच्या तारेची जाळी. बॉनेटखाली झाकून ठेवावा असा नव्हताच तो. काकांनी तो बराच वेळ हातात फिरवला. मोजपट्टी खिशात होती, ती काही त्यांनी काढली नाही.

रविवारी सकाळी त्यांनी तो बसवला. तेलाने न फुगणाऱ्या नळ्या, नळ्यांना क्लिपा, डब्याला पट्टी. कामाच्या वेळी ते "पाना", "फडकं", "उजेड" एवढेच शब्द उच्चारत. मी गाडी सुरू केली. गाडीला एक उचकी लागली, मग दुसरी, आणि ताप भरल्यासारखी थरथरू लागली.

काकांनी साबणाचा फेस करून सगळ्या जोडांना लावला. डब्याच्या तळाशी, डाख देऊन सांधलेल्या शिवणीवर, एका जागी तो फेस सर्रकन आत ओढला गेला. सुईच्या टोकाएवढं भोक. तिथून नको ती हवा आत जात होती.

"नापास?" मी हळूच विचारलं.

ते फरशीवर बसले. "चाळीस वर्षांत दादांच्या भांड्यातून थेंब गळलेला नाही," ते म्हणाले. "घागरी असोत, बंब असोत. डाख द्यावा तर त्यांनीच."

त्या संध्याकाळी मी काकूंना विचारलं, आता बाजारातला डबा आणायचा का? काकू आत गेल्या, स्टूल घेऊन माळ्यावर चढल्या आणि एक खोकं घेऊन उतरल्या. चिकटपट्टीसुद्धा न सोडलेलं. आत ॲल्युमिनियमचा काळा, गुळगुळीत, तयार डबा होता. नळ्या आणि क्लिपांसकट.

"यांनीच बुधवार पेठेतून आणलाय. तुमच्या गाडीची मोजणी सुरू झाली, त्याच आठवड्यात," काकू म्हणाल्या. "संशय त्यांना तेव्हाच आला होता. मला वाटलं बसवतील. दुसऱ्या दिवशी बघते तर चित्र काढत बसलेले." त्यांनी खोकं परत माळ्यावर टाकलं. "तुम्ही हे पाहिलेलं नाही. मीही नाही."

मी काकांना म्हटलं, भोकाची जागा कागदावर काढून द्या, मी जाऊन येते. ते दोन दिवस कागद घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभे. "हे चित्र काढून समजावता येणार नाही. मी येतो."

गाडीचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण विचारणारे तेच विचारतात. डबा नीट बसल्यावर पहिल्याच महिन्यात त्यात काळपट तेल साठलं आणि पट्टीवरची घट निम्मी झाली. वाफेच्या वाटेवरचा एक छोटा वॉल्व्हही अडकलेला निघाला, तो बदलला. "उरलेलं वयानं जातंय," काका म्हणाले. "तेवढं तुमचंही जाईल." गाडी मी विकली नाही.

तर त्या दिवशी कसब्यात. नदीपासून दुकानापर्यंत काका चालले ते माझ्या दोन पावलं मागे. दुकानासमोर आल्यावर ते थांबले. आतला ठोका थांबला. दिनकरदादांनी मान वर केली, धाकट्या भावाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. काकांनी डबा दिला. कुठे बिघडलंय हे कोणी सांगितलं नव्हतं. दादांनी डबा उलटा केला, चष्माही न लावता अंगठा सरळ त्या भोकावर टेकवला.

"इथून ना?"

काका बघतच राहिले. "अकरा वर्षं, दादा," ते म्हणाले. "तू नुसता निरोप पाठवायचास."

"तू आला नसतास. नापास माल परत करायला मात्र येशील म्हटलं." दादा बाजूला सरकले. भट्टीजवळ एक माणूस बसेल एवढी जागा झाली. "सांडशी धर. विसरला नसशील तर."

काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, इस्त्रीच्या बाह्या दुमडल्या आणि राखेत मांडी घातली. पहिल्यांदा सांडशी चुकीची धरली. दादांनी त्यांची बोटं सरकवून दिली.

मी उभी आहे हे त्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. "तुम्ही निघा मॅडम," काका म्हणाले. "मी बसने येईन."

दीडच्या सुमाराला काकूंचा फोन आला. काका अजून पोचले नव्हते.

"तिथेच बसलेत," मी सांगितलं. "दोघंही."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग आज मी एकटीच जेवून घेते." आणि हे वाक्य इतक्या आनंदाने म्हणताना मी आजवर कोणाला ऐकलेलं नाही.