तिन्ही फोटोंतला दगड

एका जंगलात (जंगलाचं नाव सांगत नाही, मुलांनो, सांगितलं की तुम्ही लगेच तिथे फोटो काढायला जाल) शल्का नावाची एक खवल्या मांजर राहत होती.

खवल्या मांजर हे मांजर नव्हे. त्याला मिशा नसतात आणि त्याचा कुणावर विनाकारण रागही नसतो. लांब तोंड, त्याहून लांब जीभ, आणि कौलारू घराची कौलं उतरवून अंगावर चढवावीत तसे डोक्यापासून शेपटीपर्यंत खवले. ते मुंग्या खातं, आणि घाबरलं की अंगाचा गोळा करतं.

बाकीची खवल्या मांजरं वाघ आला की गोळा करतात. शल्का पान पडलं तरी करायची. स्वतःला उचकी लागली तरी करायची. एकदा बराच वेळ काहीच झालं नाही, म्हणूनही तिने केला होता.

तिचं बीळ होतं ओढ्याच्या काठी, अगदी उताराच्या तळाशी. दर पावसाळ्यात बिळात पाणी शिरायचं. मागच्या वर्षीचे चार महिने तिने पळसाच्या फांदीवर गोळा होऊन काढले. अस्वलाला वाटलं, मधाचं पोळं आहे. त्याने दोनदा फांदी हलवली, एकदा चाटून पाहिलं, आणि "जुनं दिसतंय" असं म्हणून ते निघून गेलं. तेव्हापासून शल्काने ठरवलं, आता काहीही झालं तरी पुढचा पावसाळा जमिनीवर आणि कोरड्यात काढायचा.

आणि बघा, त्याच उन्हाळ्यात टेकडीवरच्या जांभळीखालचं बीळ रिकामं झालं. खडखडीत कोरडं, आत दोन खोल्या, दारातच वाळवीचं वारूळ. शल्काला ते इतकं हवं होतं, की स्वप्नात दिसलं तरी ती दचकून उठायची.

बीळ कुणाला द्यायचं, याचा हुकूम वाघमहाराजांनी काढला.

'जो जंगलातील तिन्ही प्रेक्षणीय स्थळे, म्हणजे धबधबा, कडा व तळे, पाहून आला असेल त्यास सदर बीळ देण्यात येईल. पुरावा म्हणून प्रत्येक स्थळाचा एक फोटो जोडावा. फोटोत तो स्वतः दिसला पाहिजे.'

ज्याने जंगल बघितलं नाही त्याला जंगलात जागा कशाला हवी, असं महाराजांचं म्हणणं होतं. ते वाघ असल्यामुळे सगळ्यांना पटलं.

जंगलात कॅमेरा एकच होता, आणि तो होता हुप्पेसरांकडे. हुप्पेसर म्हणजे वानर. कॅमेरा त्यांच्याकडे कुठून आला हे विचारायचं नाही, मुलांनो. सरांनाही ते आवडत नाही. सरांनी लगेच तीन स्थळांची एक सहल काढली. शल्काने नाव दिलं. तिच्या सोबतीला शेजारच्या साळूकाकू निघाल्या. काकू साळिंदर होत्या, त्यांना चांगलं बीळ होतं, पण सहल म्हटलं की त्यांना घरात बसवत नसे. शिवाय पिसारेदादा नावाचा मोर होता. त्यालाही बीळच हवं होतं. मोर बिळात राहत नाही, पण मिळत असेल तर का सोडा, असा त्याचा विचार होता.

निघण्यापूर्वी सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रवासात फोटो कसा काढावा यावर चार शब्द सांगितले. ते चार शब्द सकाळी सुरू झाले आणि दुपारी संपले.

"पहाटे उठायचं," सर म्हणाले. "पहाटेचा उजेड सोन्यासारखा असतो. दुसरं, सूर्य नेहमी पाठीशी ठेवायचा."

"कुणाच्या पाठीशी?" काकूंनी विचारलं.

"फोटो काढणाऱ्याच्या."

"म्हणजे आमच्या डोळ्यांत."

"कलेसाठी थोडं मिचमिचायचं, काकू. तिसरं, ज्याचा फोटो काढायचा त्याला मधोमध उभं करायचं नाही. चौथं, समोर एखादा दगड घ्यायचा. दगड असला की फोटोला खोली येते. पाचवं, स्थानिक लोकांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही."

"आपणच स्थानिक आहोत ना?" शल्काने घाबरत घाबरत विचारलं.

सरांनी थोडा विचार केला. मग सहलीभर ते प्रत्येकाला आधी विचारू लागले, आणि त्यात फार वेळ गेला.

पहिलं स्थळ धबधबा. पहाटेचा सोनेरी उजेड पडला होता. सगळे डोळे मिचमिचवत उभे राहिले. शल्काने सोबत मुंग्यांचा डबा आणला होता. त्यातल्या निम्म्या मुंग्या वाटेतच निघून गेल्या होत्या. पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. जांभळीखालच्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आणून ती ताठ उभी राहिली.

"हसा," सर म्हणाले.

खट्.

शल्का गोळा.

सरांनी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. ते जग कॅमेऱ्यातूनच बघत. त्याबाहेरचं त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. "वा," ते म्हणाले. "समोर दगड कुणी ठेवला? छान ठेवलाय. खोली आली."

"अहो सर, तो दगड नाही, ती आपली शल्का," काकू म्हणाल्या.

"शल्का कुठे आहे मग? तिला बोलवा, तिचा फोटो राहिला."

शल्काने गोळ्यातून नाक बाहेर काढलं. "सर, पुन्हा एकदा काढता का?"

सरांनी पुन्हा काढला. पुन्हा खट्. पुन्हा दगड. असं सात वेळा झालं. मग धबधब्यावर ऊन चढलं आणि सर म्हणाले की आता उजेडात सोनं राहिलेलं नाही.

कड्याकडे जाताना काकूंनी शल्काला एका बाजूला घेतलं. "अगं, खट् झालं तर होतं काय? खटकन आवाज होतो आणि संपतं."

"ठाऊक आहे, काकू. ठाऊक असूनच दचकते मी."

"आपण असं करू. मी तीन म्हणेन, मग खट् होईल. तू तीनपर्यंत मनाची तयारी कर. एक..."

शल्का गोळा.

"अगं, मी आत्ता नुसती शिकवत होते."

कडा म्हणजे सरळ खाली तुटलेला डोंगर. तिथे वारा असा, की पिसारेदादाचा पिसारा आपोआप उघडला आणि मिटेचना. सरांनी सगळ्यांना काठाजवळ उभं केलं. फोटो जरा धोक्याचा वाटला पाहिजे, असं ते म्हणाले. खट् झालं. शल्काचा गोळा झाला, आणि मुलांनो, जमीन होती उताराची. गोळा निघाला गडगडत काठाकडे.

काकूंनी काही विचार केला नाही. त्या धावत गेल्या आणि पाठ करून आडव्या बसल्या. गोळा त्यांच्या काट्यांत जाऊन रुतला आणि थांबला.

"जरा तसंच राहा," सर म्हणाले. "दगड छान जागी गेलाय. काकू, तुम्ही मात्र बाजूला व्हा."

"मी बाजूला झाले तर दगड जाईल खाली."

"मग दिसू नका."

काकू दिसल्या नाहीत. फोटो निघाला. नंतर खवल्यांतून काटे सोडवायला अर्धा दिवस लागला. "माझे सहा मोडले," काकू म्हणाल्या. "पण तू रडू नकोस. येतील पुन्हा. तळं राहिलंय अजून."

तळ्यावर पोचेपर्यंत शल्काने रात्रंदिवस एकच सराव केला. काकू चालता चालता मध्येच काडी मोडत. पहिल्या दिवशी शल्का दर काडीला गोळा झाली. दुसऱ्या दिवशी अर्धी गोळा झाली. तिसऱ्या दिवशी तिने नुसते डोळे मिटले. चौथ्या दिवशी काकूंनी आख्खी फांदी मोडली, आणि शल्का म्हणाली, "काय झालं?"

तळ्याच्या काठी तिने शेपूट एका मुळाला गुंडाळली, नखं चिखलात रोवली आणि श्वास धरला. पाण्यात बेडकाने उडी मारली. ती हलली नाही. पिसारेदादा खोकला. ती हलली नाही.

खट्.

शल्का उभी होती. डोळे उघडे, मान वर, आणि चेहऱ्यावर चक्क हसू. खवल्या मांजराचं हसू फार कमी जणांनी पाहिलंय, मुलांनो. ते जिभेपेक्षाही लांब असतं.

"जमलं ग बाई," काकू म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"थांबा," सर म्हणाले, "ती नुसती चाचणी होती. हा आता खरा."

खट्.

शल्का गोळा.

"हा उत्तम आलाय," सर म्हणाले.

"आणि आधीचा?" गोळ्याच्या आतून आवाज आला. "सर, आधीचा द्या मला. तोच पाहिजे."

"तो काढून टाकला. दगड नव्हता त्यात."

कॅमेऱ्यातली बॅटरी तेवढ्यात संपली. जादा बॅटरी सोबत ठेवावी, हा सहावा मुद्दा सर सांगायचे विसरले होते.

अर्ज तपासायला बगळेभाऊसाहेब होते. ते एका पायावर उभे राहून काम करत. दुसरा पाय ते दुपारनंतरच्या कामासाठी राखून ठेवत.

पहिला नंबर पिसारेदादाचा. भाऊसाहेबांनी तिन्ही फोटो पाहिले. तिन्हींत नुसता पिसारा.

"यात धबधबा कुठे आहे?"

"माझ्या मागे."

"आणि कडा?"

"तोही माझ्या मागे. साहेब, माझ्या मागे बरंच काही असतं."

नामंजूर. दुसरा अर्ज हुप्पेसरांचा होता, तोही त्यांनी सहज म्हणून केला होता.

"सर, तुम्ही एकाही फोटोत नाही."

"फोटो मीच काढलेत ना."

"म्हणजे तुम्ही गेल्याचा पुरावा नाही."

"मी गेलो नसतो तर फोटो आले कुठून?"

"ते तुमचं तुम्ही बघा," भाऊसाहेब म्हणाले. नामंजूर.

शेवटी शल्का पुढे आली. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की ती त्यालाच घाबरत होती. भाऊसाहेबांनी फोटो मांडले. चोच जवळ नेली. लांब नेली.

"बाई, यात तुम्ही कुठे आहात?"

"तो... दगड आहे ना, साहेब. तो मी."

"दगड मला दिसतोय. तिन्ही ठिकाणी आहे. तुम्ही कुठे?"

"मी घाबरले की तशी होते."

भाऊसाहेब स्वभावाने वाईट नव्हते. "असं असेल तर होऊन दाखवा," ते मायेने म्हणाले. "घाई नाही. सावकाश होऊ द्या. पाणी देऊ का?"

आणि मुलांनो, शल्काला काही केल्या दगड होता येईना. काकू सोडल्या तर इतक्या प्रेमाने तिच्याशी आजवर कुणीच बोललं नव्हतं. तिने डोळे घट्ट मिटले, वाघ आठवला, कडा आठवला, अस्वलाची जीभ आठवली. काही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कशाचीच भीती वाटेना. ती नुसती उभी राहिली, आणि जांभळीखालच्या दोन खोल्या तिला लांब लांब जाताना दिसल्या.

"अर्ज तुमचा आणि फोटो दगडाचे," भाऊसाहेबांनी उसासा टाकला. "वाईट वाटतं, पण नाइलाज आहे." त्यांनी नामंजुरीचा शिक्का उचलला आणि टेबलावर हाणला.

ठप्प.

शल्का गोळा.

भाऊसाहेबांनी मान वर केली. बाई दिसत नव्हत्या. बाई उभ्या होत्या तिथे एक दगड होता.

त्यांनी दगडाकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. पुन्हा दगडाकडे पाहिलं. तोच आकार, तेच खवले, तळ्याकाठचा चिखलसुद्धा तोच. त्यांनी आश्चर्याने दुसरा पायही खाली टेकवला.

"दगड स्वतः हजर झालाय," ते म्हणाले.

"साहेब, पण दगडाला बीळ?" दारातून हुप्पेसरांनी विचारलं.

"हुकुमात काय लिहिलंय? 'जो'. 'जो प्राणी' असं कुठे लिहिलेलं नाही. तिन्ही स्थळं पाहिलेला सबंध जंगलात हा एकच आहे." त्यांनी अर्जावरचं शल्काचं नाव खोडलं, त्या जागी 'दगड' असं लिहिलं आणि मंजुरीचा शिक्का शोधला. तोही हाणला. त्या आवाजाने दगड होता त्याहून घट्ट झाला.

लाभार्थ्याला चालता येत नसल्यामुळे त्याला टेकडीवर पोचवायला सरकारी अस्वल दिलं. वाटेत अस्वलाने त्याला एकदा हळूच चाटलं.

"चव ओळखीची वाटते," ते म्हणालं, पण कुणी लक्ष दिलं नाही.

साळूकाकू दुसऱ्या दिवशी बघायला आल्या, तर शल्का आतल्या खोलीत पाय पसरून बसली होती. दारातली वाळवी खाऊन तिचं पोट गच्च झालं होतं.

"अगं, हे बीळ दगडाच्या नावावर आहे. जाऊन खरं सांग साहेबांना."

"सांगितलं होतं की, काकू. त्यांनी दाखवायला सांगितलं." शल्काने पायरीवरची एक मुंगी जिभेने उचलली. "तुमच्या काट्यांवर औषध लावू का?"

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. ओढ्याकाठचं जुनं बीळ पहिल्याच आठवड्यात बुडालं. जांभळीखाली थेंब आला नाही. दर महिन्याला बगळेभाऊसाहेब तपासणीला येत, दारात उभे राहून खाकरत, मग आत डोकावत, आणि वहीत लिहीत: 'लाभार्थी जागेवर आहे. वर्तणूक उत्तम. तक्रार नाही.' हुप्पेसरांनी आपल्या सहलीत जांभळीचं चौथं स्थळ घातलं. ते दगडाची रीतसर परवानगी मागत आणि मगच खट् करत. लांबून आलेले प्राणी दगडाशेजारी उभे राहून डोळे मिचमिचवत.

पिसारेदादा म्हणतो की दगडाला चेहराच नाही, त्याचा फोटो काय काढायचा. पण त्याचं कुणी ऐकत नाही.

तात्पर्य: घाबरायचंच असेल तर प्रत्येक ठिकाणी, न चुकता आणि एकसारखं घाबरावं. लांबून ते स्थैर्य दिसतं, आणि स्थैर्याला कोरडी जागा मिळते. शिवाय फोटोला खोली येते.