रामराम घेता येईल एवढा वेग

आमच्या गल्लीतले महालिंगअप्पा ज्या वेगानं गाडी चालवतात, तो वेग गाडीचा काटासुद्धा मनावर घेत नाही. अप्पांचं माप निराळं आहे. "समोरच्याचा रामराम घेता आला पायजे आन् त्याला देता आला पायजे. त्याच्यापरीस जोरात कशापायी जायचं? घरी दूध उतू चाललंय का?"

धाराशिवच्या बाजारात त्यांचं दोरखंडाचं दुकान आहे. कासरे, दावी, बैलांच्या घुंगुरमाळा आणि हल्ली बैल कमी झाले म्हणून ताडपत्र्या. माल आणायला ते दर आठवड्याला आपली जुनी पांढरी व्हॅन घेऊन सोलापूरला जातात. माझं माहेर सोलापूरचं. शाळेला सुट्टी असली की अप्पा दारातून हाक मारतात, "बाई, येताव का? एसटीत कशाला चेंगरता?" मी जाते. मात्र निघण्याआधी आईला फोन करून सांगते, अप्पांबरोबर येतेय, भाकरी टाकायची घाई करू नकोस.

अप्पांच्या गाडीत बसलं की रस्ता कमी दिसतो आणि माणसं जास्त. ज्याला जे लागतं ते अप्पा त्याला देतात. कुणाला रामराम, कुणाला अप्पांच्या लिंगायतांतलं शरणार्थी, कुणाला जय भीम, कुणाला सलाम. माणूस ओळखीचा असावा अशी अट नाही. एकदा तर तुळजापूरच्या अलीकडं ज्वारीच्या रानातल्या बुजगावण्याला त्यांनी रामराम घातला. मला हसू आवरेना. अप्पा जराही ओशाळले नाहीत. "घातला तर घातला. कुणीतरी मेहनतीनं उभं केलंय न्हवं त्याला?"

आणि रामराम कुणी घेतला नाही, तर अप्पांना पुढं जाववत नाही. "चुकला वाटतं त्याचा," असं पुटपुटत ते गाडी वळवतात, मागं जातात आणि पहिल्यापासून रामराम घालतात. असंच एकदा मागं गेलो, तर तो माणूस फोनवर बायकोशी कडाकडा भांडत होता. अप्पांनी त्याच्याकडून फोन मागून घेतला, त्या बाईची समजूत काढली, ते भांडण मिटवलं आणि मग त्याचा रामराम घेऊन निघाले. त्या दिवशी आईनं मला दुपारचं जेवण संध्याकाळी वाढलं.

या सगळ्या वाटेवर एक ठिकाण मात्र खास होतं. तामलवाडीच्या फाट्यावरचं हुसेनभाईंचं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड आणि बाहेर एक निळी प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीत हुसेनभाई. अप्पा लांबूनच दोनदा हॉर्न वाजवायचे. हुसेनभाई खुर्चीतून उठायचे, हात वर करायचे आणि ओरडायचे, "शरणार्थी, अप्पा!" अप्पा खिडकीतून, "सलाम, हुसेन!" मग चहा. मी एकदा विचारलं, तुम्ही दोघं एकमेकांचंच कसं घेऊन बसलात? अप्पा म्हणाले, "ज्याचं त्याला द्यावं, बाई. आपलं आपल्यापाशी असतंयच की."

तर अशा या अप्पांना वेगमर्यादा मोडल्याचं चलान आलं.

मेसेज मीच वाचला, कारण अप्पा मेसेज वाचत नाहीत, फक्त फोन पुढं करतात. मी एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. ठिकाण तामलवाडी फाटा, मर्यादा साठ, अप्पांचा वेग ब्याण्णव. सोबत फोटो. फोटोत तीच व्हॅन आणि काचेमागं अप्पांची पांढरी टोपी.

बातमी गल्लीत पसरली तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. माझा नवरा म्हणाला, उताराला गाडी सुटली असेल. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं पोलिसांचं यंत्रच बिघडलंय असं जाहीर केलं. कोर्टातून रिटायर झालेले देशमाने तर हातात पिशवी घेऊन आले. "अप्पा, लोकअदालतीत लढू. सगळी गल्ली साक्षीला उभी राहील." सगळ्यात दुखावल्या होत्या काकू, अप्पांच्या मंडळी. "आमच्या लगनात ह्यांची वाट बघून अक्षता सुकल्या. वाटेत गावोगाव शरणार्थी घालीत आले. आन् ह्ये ब्याण्णवनं पळत्यात?"

अप्पा खाली मान घालून सुतळीचा गुंडा वळत होते. एरवी यंत्राला, पोलिसाला आणि सरकारला त्यांनी धारेवर धरलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "भरून टाका, बाई. मशीन खोटं कशाला बोलंल?"

देशमान्यांचा चेहरा पडला. इतका सरळ खटला त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता.

काही दिवसांनी दुसरं चलान आलं. तीच जागा, तसाच वेग. आता हसणं थांबलं. पुण्याहून अप्पांच्या मुलाचा फोन आला. त्याचा आवाज इतका चढला होता, की काकूंनी फोन कानापासून लांब धरला. "अजून एक मेसेज आला की मी येऊन चावी घेऊन जाणार आणि गाडी विकून टाकणार. या वयात कुणाला तरी उडवाल!" माल काय, टेंपोनंही आला असता. पण गाडी गेली की अप्पांचा रस्ता जाणार होता आणि रस्त्याबरोबर त्यावरची सगळी माणसं. अप्पा ते ऐकून दुकानातसुद्धा गेले नाहीत. दिवसभर ओट्यावर बसून राहिले. मला फार वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला.

काकूंनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुमी एकदा ह्यांच्यासंगं जावा. तिथं नेमकं काय होतंय, बघा तरी."

मी गेले. धाराशिव सोडलं. रामराम, शरणार्थी, पुन्हा रामराम. तुळजापूरला एका फुलवाल्या आजीनं अप्पांना थांबवून नातीच्या साखरपुड्याचं आमंत्रण दिलं. घाट उतरलो. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला, तेव्हा अप्पांनी त्याला शाबासकी दिली. सगळं नेहमीसारखं होतं. मुलाला फोन करून सांगावं, की बाबा, तुझे वडील बरे आहेत, असं माझ्या मनात येत होतं.

तामलवाडी जवळ आली आणि अप्पांनी बोलणं थांबवलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट धरले आणि पाय दाबला. व्हॅन आधी दचकली असावी, मग थरथरली. मागं ठेवलेल्या रिकाम्या गोण्या उडायला लागल्या. मी दाराची कडी धरून, "अप्पा, अप्पा!" म्हणून ओरडले. त्यांची नजर नाकासमोर होती. डावीकडून काहीतरी सर्रकन मागं गेलं. पत्र्याचं शेड, चुलीचा धूर आणि एक निळी खुर्ची. खुर्चीत कुणी नव्हतं.

नशिबानं त्या दिवशी पोलिसांची वेग मोजणारी गाडी तिथं नव्हती. शेड मागं पडलं, तसा अप्पांचा पाय आपोआप सैल झाला आणि व्हॅन पुन्हा आपल्या चालीवर आली. मी दाराची कडी सोडली. मग विचारलं, "हुसेनभाई कुठं आहेत?"

"गेला," अप्पा म्हणाले. "उन्हाळ्यात. मातीला गेलो हुतो मी."

"घरी बोलला नाहीत."

"काय बोलायचं?" अप्पांनी गिअर बदलला. "हळू गेलं की नजर जाती, बाई. नजर गेली की हात उठतो. आन् उठल्याला हात मग ठिवायचा कुठं?"

मला या माणसाची इतकी माया आली, की माझ्याच आवाजाचा भरवसा वाटेना. पण मी शाळेतली बाई आहे. गहिवर आला की मी दरडावते.

"अप्पा, गाडी वळवा. तुमचा एक रामराम चुकलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता रागावतील. पण चुकलेला रामराम मागं टाकून पुढं जाणं त्यांना कधी जमलं नव्हतं. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत त्यांनी दुभाजकाच्या पुढच्या कटवर गाडी वळवली. आम्ही मागं गेलो, पुन्हा वळलो आणि फाट्यावर येऊन थांबलो.

शेडमध्ये हुसेनभाईंची सून शबाना भजी तळत होती. गाडी ओळखून ती झाऱ्यासकट बाहेर आली. आली ती थेट खिडकीपाशी. "अप्पा, आमचं काय चुकलं का वो?"

अप्पा डोक्यावरची टोपी सारखी करू लागले.

"अब्बा गेल्यापासनं तुमची गाडी थांबतच न्हाय. मी हॉर्नकडं कान लावून बसते आन् तुमी निसतं भुर्रकन जाता. अब्बासंगंच वळख संपली, असंच वाटलं आमाला."

"न्हाय गं पोरी," अप्पा कसंबसं म्हणाले. "वळख कशी संपंल?"

मग चहा झाला. अप्पा उभ्या उभ्याच प्याले. खुर्चीकडं एकदा बघितलं आणि तिच्या पाठीवरची धूळ उपरण्यानं पुसली. आम्ही गाडीत बसलो. शबाना खुर्चीपाशी उभी होती. तिनं झाऱ्याचा हात बदलला, मोकळा हात वर केला आणि मोठ्यानं ओरडली, "शरणार्थी, अप्पा!"

बुजगावण्यालासुद्धा रामराम घालणारा हा माणूस, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. हात उठला, हवेत थांबला आणि मग हॉर्नवर गेला. दोनदा वाजवला. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं तो त्यालाच होता. त्यानंही उत्तरादाखल वाजवला.

आम्ही सोलापूरच्या वाटेला लागलो. थोड्या वेळानं मागून उसाचा ट्रॅक्टर आला आणि दोन भरलेल्या ट्रॉल्यांसह आम्हाला ओलांडून पुढं गेला. अप्पांनी डोळे पुसले, खिडकीतून हात बाहेर काढला आणि बसलेल्या आवाजात त्याला रामराम घातला.