जिजाबापुढे सांगितलेला विनोद

चिंचखोरीत मेलेल्या माणसाला एकच चावट विनोद तीन वेळा ऐकवतात, आणि तिन्ही वेळा तो हसला नाही तरच तो मेला असं धरतात. हसला तर उठून घरी जातो. असे हसलेले चार जण गावात आहेत. ते जेवत नाहीत आणि त्यांची सावली जरा फिकी पडते, एवढंच. बाकी पारावर बसतात, बांधावरून भांडतात, मतदानालाही जातात.

मंगळवारी सकाळी तानूबाईचा नवरा जिजाबा ढोबळे गेला. दुपारी त्याला चावडीपुढच्या लिंबाखाली आणून ठेवलं. तानूबाई रडली नाही. पदर खोचून ती ग्रामसेवकापुढे उभी राहिली.

"साहेब, सांगणारे चांगले लावा. मला माझा माणूस घरी न्यायचाय."

ग्रामसेवक कुलथे यांनी वही उघडली. "बाई, ज्याची पाळी असेल तो येतो. पहिले दोन पंचायतीचे, तिसरा वारसाच्या मर्जीचा. तिसरा कोण तेवढं सांगा."

"आधी या दोघांचं ऐकू द्या. मग सांगते."

अडचण अशी होती की जिजाबा गावाच्या तिरड्या बांधायचा. तीस वर्षं प्रत्येक मयताला तो बांबूपाशी सुतळी घेऊन बसलेला. तो विनोद त्यानं इतक्या वेळा ऐकला होता की गावात तेवढा कुणीच ऐकला नसेल, आणि हसला एकदाही नव्हता. संध्याकाळी घरी आला की चुलीपुढे बसून कुणी कसं सांगितलं ते बायकोला सांगायचा. आज विहीण फार लवकर बाहेर काढली. आज व्याही बरा जमला, पण विहीण लाकडाची केली. कालवणाची चव सांगावी तसं सांगायचा, आणि शेवटी हमखास म्हणायचा, "काय तरी राहतंय गं त्यात. काय राहतंय ते कळंना."

विनोदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य ठरलेलं आहे, पंचायतीच्या वहीत शिक्क्यासकट. पहिलं असं, की लग्नाच्या दिवशी विहीणबाई न्हाणीत गेल्या आणि लुगडं बाहेर राहिलं. शेवटचं असं, की तेव्हा व्याही म्हणाले, मानपान बघितला, आता पंगत वाढा. मधलं ज्याचं त्यानं रचायचं. ते जितकं लाजिरवाणं तितकं चांगलं मानतात. म्हणून विनोद चालू असताना बायकांनी पाठ करून बसायचं असा रिवाज आहे. कान मात्र वळवता येत नाहीत. त्यामुळे तो विनोद बायकांनाही येतो, पण येतो असं कुणी म्हणत नाही.

पहिली पाळी बजाबाची. तो तमाशातला जुना सोंगाड्या, आता गुडघे गेलेले. बायका वळून बसल्या. बजाबानं सबंध अंगानं सांगायला सुरुवात केली. तोच दार झाला, तोच कडी झाला, कडी निसटली तेव्हा भुईवर लोळला. त्याच्या विनोदात विहीण साऱ्या मांडवातून पळते, वाजंत्र्यांच्या ढोलामागं लपते, आणि वाजंत्री ढोल उचलून निघून जातात. बाप्ये डोळे पुसायला लागले. लिंबाची पानं खाली यायची ती सुद्धा सावकाश, घिरट्या घेत, जणू ऐकत ऐकत येत होती.

जिजाबा हसला नाही.

"वारसाचं मत?" कुलथ्यांनी विचारलं. वहीत तसा रकाना आहे.

"पळवलीय लई," तानूबाई म्हणाली. "दमला बिचारा. पाणी द्या त्याला."

दुसरा तालुक्याचा हर्षल पोळ. हातात माइक, पायात पांढरे बूट. तो हलला नाही. हळू आवाजात सांगत गेला, मधेच थांबला, लोकांकडे नुसता बघत राहिला. त्याच्या विनोदात विहीण न्हाणीतून फोन लावते, आणि फोन मांडवातल्या भोंग्याला जोडलेला असतो. ती आपल्या नवऱ्याला जे जे म्हणते ते वऱ्हाडाला ऐकू जातं. पाठ करून बसलेल्या बायकांचे खांदे हलायला लागले. एकीनं तोंडात पदर कोंबला.

जिजाबा हसला नाही. त्याच्या कपाळावरचा बुक्का तेवढा वाऱ्यानं थोडा उडाला.

"मत?"

"पोरगं हुशार हाय. पण विहीण कुठाय त्यात? नुसता आवाज." तानूबाई उठली. "तिसरं नाव लिहा. तानूबाई जिजाबा ढोबळे."

कुलथ्यांनी वही पहिल्या पानापर्यंत उलटी चाळली. "बाईनं सांगू नये असं यात नाही."

"मग झालं."

"बाईनं सांगावं असंही नाही."

"न्हाई तर न्हाई. लिहा."

बजाबा गुडघे धरून उठला. "साहेब, मग पाठ कुणी करायची?"

हा प्रश्न रास्त होता. कुलथ्यांनी थोडा विचार केला आणि निर्णय दिला, की आजवर सांगणारे बाप्ये होते म्हणून बायका वळायच्या. त्या न्यायानं आता बाप्यांनी वळावं. सगळे बाप्ये उठले आणि गावाकडे तोंड करून बसले. कुलथे खुर्चीसकट वळले. बायका सावकाश या बाजूला फिरल्या. विनोद चालू असताना मयताचं तोंड त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्या बघत राहिल्या. ऊन पिवळं होऊन मधासारखं खाली उतरलं होतं, आणि कुठंच काही वाजत नव्हतं.

तानूबाई नवऱ्याच्या उशाशी बसली. हातवारे तिला येत नव्हते. शेजारणीला काल काय झालं ते सांगावं तसं सांगायला लागली.

"लग्नाच्या दिवशी विहीणबाई न्हाणीत गेल्या आणि लुगडं बाहेर राहिलं. तिनं दाराच्या फटीतनं बघितलं. लुगडं पाटावर ठेवलेलं, मानपानाचं. पोरगी दिली त्या दिवसापास्नं त्याच लुगड्यावरनं भांडण. हिरवं का जांभळं, काठ केवढा. अन् बाई उघडी आत हाय, याची कुणाला आठवणच न्हाई. समदे लुगड्यालाच नमस्कार करत्यात. लुगड्याला कुंकू लावलं. लुगड्याची ओटी भरली. मग बाईनं काय केलं, नाकात नथ घातली अन् कडी काढली. पळाली न्हाई. सरळ मांडवातनं चालत आली. जिथनं ती गेली तिथं माणसं पाठ करून बसत गेली. नवरदेव वळला, भटजी वळला, घोडं वळलं. ती पाटावर बसली. लुगड्याला म्हणली, जरा सरक. पानाकडं बघितलं, तर मीठ न्हाई. तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, मानपान बघितला, आता पंगत वाढा."

आधी जिजाबाच्या पायाचा अंगठा हलला. मग चादर पोटापाशी वर झाली, खाली झाली. तिरडी त्या दिवशी दुसऱ्याच कुणी बांधली होती, तिच्या गाठी एकेक सुटायला लागल्या. जिजाबा हसत होता. तीस वर्षांचं हसू होतं, त्याला बाहेर यायला वेळ लागला. बायकांनी त्याला पाठीला हात देऊन बसवलं.

कुलथे वळले. त्यांनी वहीत बघितलं, मग तानूबाईकडे.

"बाई, शेवटचं वाक्य व्याह्याचं आहे. तुम्ही विहिणीच्या तोंडी घातलंत. सांगणं बाद."

"अन् हसणं?"

"हसणं खरं आहे."

"मग?"

"बाद सांगण्यावर खरं हसणं झालं. असं आजवर झालेलं नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "वर विचारतो. तोवर यांना घरातही घेता येणार नाही आणि जाळताही येणार नाही."

"उंबऱ्यावर?"

कुलथ्यांनी उंबरा घरात धरतात की बाहेर ते बघितलं. वहीत काहीच नव्हतं. "उंबऱ्यावर चालेल."

बाप्यांनी वाट दिली. जिजाबा बायकोच्या मागून चालत घरी आला आणि उंबऱ्यावर बसला. त्याची सावली अर्धी आत पडली, अर्धी बाहेर. तानूबाईनं चूल पेटवली, एकटीपुरती भाकरी थापली आणि परातीसकट त्याच्याजवळ येऊन बसली.

बराच वेळ तो सुतळीचा सुटलेला तुकडा बोटाला गुंडाळत राहिला.

"मिठाचं बरं जमलं," तो म्हणाला. "पण नथ लवकर घातलीस."

"बरं," तानूबाई म्हणाली. "उद्या उशिरा घालीन."